ट्रान्सफरनंतरचे दिवस: पडून काढायचे की रोजच्यासारखे?

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) प्रयोगशाळेत तयार झालेला एम्ब्रियो, म्हणजे अगदी सुरुवातीचा गर्भ, गर्भाशयात सोडतात, तेच ट्रान्सफर. माझी अशी दोन झाली. पहिल्या वेळी चौदा दिवस पलंगावर होते, दुसऱ्या वेळी घरात वावरत होते आणि चौथ्या दिवसापासून ऑफिसला गेले. पहिलं निगेटिव्ह आलं, दुसरं पॉझिटिव्ह. ‘चाललीस म्हणून राहिलं’ असं मात्र मी कुणाला म्हणू देत नाही. दोन्ही वेळचे एम्ब्रियो वेगळे, औषधंही वेगळी होती. पण दोन्ही तऱ्हा अंगावर काढल्यात, म्हणून सांगते.

ट्रान्सफरच्या वेळी सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून लघवी तुंबवून ठेवायला लावतात. पहिल्या वेळी सगळं आटोपल्यावर नर्स म्हणाली, ‘जाऊन या आता.’ मी उठलेच नाही. अर्धा तास दात आवळून पडून राहिले, कारण बसले की एम्ब्रियो पडेल असं डोक्यात पक्कं बसलं होतं. तो पडत नाही. गर्भाशय हे काही रिकामं मडकं नव्हे, त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि लघवीची वाट तर पूर्ण वेगळी. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

पडून राहिल्याने यश वाढतं का, हे बऱ्याच अभ्यासांत तपासलंय. वाढत नाही. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने 2017 मध्येच ट्रान्सफरनंतर बेड रेस्ट सुचवू नये असं सांगितलं. उलट पडून पडून माझी कंबर धरली. गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने आधीच पोट साफ होत नव्हतं, ते आणखी जड झालं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना फार पडून राहिलं तर रक्ताच्या गुठळीचा धोकाही वाढतो. म्हणून माझं मत सरळ आहे: चाला, जिने चढा, स्वयंपाक करा. जड उचलणं आणि दमछाक होईल असा व्यायाम तेवढा टाळा. शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनतीचं काम असेल तर मात्र सुट्टी घ्या किंवा हलकं काम मागून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी काही खास कारणाने विश्रांती सांगितली असेल तर त्यांचंच ऐका.

खाण्यात खरी ओढाताण होते. घरचे म्हणतात अननस गरम, हात लावू नकोस. मोबाईलवर कुणीतरी सांगतं, अननसाचा मधला दांडा पाच दिवस खा. दोन्हीला पुरावा नाही. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळलेली बरी. पिकलेल्या पपईची तशी भीती नाही, पण सासूबाईंचा जीव वरखाली होणार असेल तर पंधरा दिवस नाही खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्या वेळी रोज मुगाची खिचडी, ताक, पालेभाजी आणि रात्री दोन अंजिरं दिली. बद्धकोष्ठावर त्याचाच उपयोग झाला. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, मांदेली खुशाल खावी. मुशी आणि मोठी सुरमई नको, त्यांत पारा जास्त असू शकतो. चहा-कॉफी दिवसाला दोन लहान कपांवर ठेवा, फॉलिक ॲसिड चुकवू नका, तंबाखू-मिश्री-दारू पूर्ण बंद. अंग दुखलं तर मनाने पेनकिलर घेऊ नका, आधी फोन करा.

ताजं ट्रान्सफर असेल (म्हणजे अंडी काढल्यावर एम्ब्रियो न गोठवता लगेच सोडला असेल) आणि पोट झपाट्याने फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे घरचा उपाय चालत नाही.

राहिली गर्भ राहिला का याची तपासणी: घरची लघवीची पट्टी की रक्तातली बीटा, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या एचसीजी हार्मोनची तपासणी? मी पहिल्या वेळी सातव्या दिवशी पट्टी लावली, फिकट रेघ दिसली आणि घरभर पेढे व्हायचे बाकी राहिले. ती रेघ अंडी काढण्याआधी दिलेल्या ट्रिगर इंजेक्शनमधल्या एचसीजीची होती. लवकर केलं तर उलटही होतं, गर्भ राहिलेला असूनही पट्टी कोरी येते. सर्वांत वाईट म्हणजे कोरी पट्टी किंवा थोडं स्पॉटिंग बघून प्रोजेस्टेरॉन बंद करणं. डॉक्टर सांगेपर्यंत ते चालूच ठेवायचं.

मी बीटाच सांगेन, हॉस्पिटलने दिलेल्या तारखेलाच. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी मोबाईलवर येतो. तो तुम्ही उघडणार की नवरा, ऑफिसात की घरी, हे आदल्या रात्री दोघांनी बसून ठरवून ठेवा.