घरटं, वारूळ की माती: डिझाइनमध्ये निसर्ग आणायचा कुठून?

आर्किटेक्चरच्या थिसिसचा, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टचा, विषय ठरवायची वेळ आली की स्टुडिओत दर दोन टेबलांमागे एकावर 'निसर्ग' सापडतोच. कुणी शंखाचा फोटो चिकटवलेला, कुणी पानाच्या शिरा. तिसऱ्या वर्षी माझ्या शीटवर, म्हणजे ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर, मधमाशांचं पोळं होतं. इमारतीची पश्चिमेची अख्खी भिंत मी षटकोनी खणांची केली होती. दोन रात्री जागून माउंटबोर्ड कापला, बोटं गोंदाने चिकटली. ज्युरीतल्या, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांतल्या, एका बाईंनी मॉडेल उचललं, खिडकीतल्या उन्हात धरलं आणि विचारलं, "दुपारी चारला यातून ऊन किती आत येतं?" मला सांगता येईना. सांगायची गरजही नव्हती. मॉडेलमधली जमीन लख्ख उजळलेली सगळ्यांना दिसतच होती.

त्यानंतर मी हा विषय तीन रस्त्यांत वाटून घेतला. निसर्गाचं रूप घ्यायचं, त्याची कामाची रीत घ्यायची, किंवा जागेवरचं हवामान आणि माती घेऊन बांधायचं. तिन्ही रस्ते धरणारे स्वतःला 'निसर्गप्रेरित' म्हणवतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रूपाचा रस्ता सगळ्यात लवकर शीटवर येतो. कॉन्सेप्ट एका ओळीत सांगता येतो, मॉडेल देखणं होतं, लोकांच्या लक्षात राहतं. बीजिंगचं २००८ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम घ्या. हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस आर्किटेक्टांची ही इमारत जग 'पक्ष्याचं घरटं' म्हणूनच ओळखतं. पण पक्षी चोचीत मावेल तेवढी काडी आणतो, आणि काड्या एकमेकींत अडकूनच घरटं उभं राहतं. स्टेडियमच्या मुख्य सांगाड्यात सुमारे ४२,००० टन पोलाद आहे. ते तिरकंतिरकं जाळं मुळात सरकत्या छपराचे सरळसोट आधार झाकण्यासाठी आखलं होतं. पुढे सरकतं छप्पर रद्द झालं, जाळं मात्र राहिलं. शहराला ओळख देणारी इमारत म्हणून माझी काही तक्रार नाही. पर्यावरणाच्या रकान्यात मात्र तिला मार्क कुठून द्यायचे?

रूप दरवेळी पोकळच निघतं असंही नाही. आर्किटेक्ट फरीबोर्झ साहबा यांचं दिल्लीचं लोटस टेम्पल, १९८६ चं, २७ पाकळ्यांचं. भोवती पानांच्या जागी नऊ तळी आहेत. त्यांच्याजवळची गार हवा खालून आत यावी आणि तापलेली हवा वरून निघून जावी, अशी त्याची रचना आहे. तिथे कमळाला काम दिलेलं आहे. माझ्या पोळ्याला कामच नव्हतं.

दुसरा रस्ता रीतीचा, आणि केस स्टडीत सगळे जण लावतात ते उदाहरण म्हणजे झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर. त्याचे आर्किटेक्ट मिक पिअर्स यांनी ते वाळवीच्या वारुळावरून सुचल्याचं सांगितलं. १९९६ मध्ये ते बांधून झालं. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या जमिनींखालून फिरवायची, काँक्रीटने तो गारवा धरून ठेवायचा, दिवसा आत येणारी हवा त्यावरून जाताना थंड होते आणि गरम हवा धुराड्यांतून वर निघते. नेहमीचा एसी तिथे नाही.

गंमत पुढे आहे. वारुळांचा अभ्यास करणारे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये दाखवलं की वारूळ असं चालतच नाही. आतल्या वस्तीचं तापमान आजूबाजूच्या जमिनीच्या तापमानामागे जातं, आणि वरचा उंचवटा बराचसा फुप्फुसासारखा, हवेची देवाणघेवाण करण्यासाठी असतो. म्हणजे जीवशास्त्र चुकलं, इमारत मात्र चालली! चालली कारण हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास दीड किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार होतात. हाच सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेली आतली रचना, उचलून दमट किनाऱ्यावर ठेवा, जिथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही, तर काँक्रीट साठवणार काय? त्यामुळे हा रस्ता धरणाऱ्याने वारुळाचा फोटो लावायच्या आधी आपल्या साइटचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान एका कागदावर मांडावं. दोन्ही रेषा जवळजवळ चालत असतील तर हे उदाहरण तिथेच सोडून द्यावं.

याच रस्त्यावर जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाचं काम मला फार आवडतं. २०११ च्या त्यांच्या पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे प्रायोगिक मंडपात, समुद्री साळूच्या चपट्या भाईबंदाच्या (सँड डॉलरच्या) कवचाची जोडणी वापरून, फक्त साडेसहा मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये अख्खं कवच उभं केलं, तेही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. २०१३ च्या त्यांच्याच हायग्रोस्किन या मंडपात पाइनच्या शंकूचं तत्त्व आहे. लाकडाच्या पातळ पापण्या हवेतल्या ओलाव्यानुसार आपोआप उघडतात, मिटतात. मोटर नाही, सेन्सर नाही. हे घरी करून बघता येतं. व्हिनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, बोटभर पट्टी कापा, लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला आडव्या येतील अशी. एका बाजूला पॅकिंगची टेप लावा आणि उघड्या बाजूवर ओला बोळा फिरवा. पट्टी टेपच्या बाजूला वाकायला लागते, वाळली की परत सरळ व्हायला बघते. पण बोटभर पट्टी वाकवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं न कुजता वाकत राहणारी भिंत वेगळी. त्यांच्याकडे रोबो होते, प्रयोगशाळा होती. तुमच्याकडे एक सेमिस्टर आणि रांग लावून मिळणारा लेझर कटर असेल, तर एकच सांधा किंवा एकच पापणी घ्या आणि तेवढंच नीट सिद्ध करा.

(झाडं लावलेले टॉवर मी कुठल्याच रस्त्यात धरले नाहीत. मिलानच्या बॉस्को व्हर्टिकालेवर सुमारे ८०० झाडं आहेत. त्यांच्या मातीचं वजन पेलायला जाड काँक्रीट लागतं आणि छाटणीला माळी दोरावर लटकून उतरतात. रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात, झाड एका क्लिकवर उगवतं, म्हणून हा इशारा.)

तिसऱ्या रस्त्याकडे विद्यार्थी सहसा शेवटी वळतात, कारण तो शीटवर साधा दिसतो. बुर्किना फासोतल्या गांदो गावची प्राथमिक शाळा फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकत असतानाच आखली; २००१ मध्ये ती पूर्ण झाली. २०२२ मध्ये त्यांना प्रिट्झ्कर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. भिंती तिथल्याच मातीच्या, थोडं सिमेंट घातलेल्या विटांच्या. वर फटी सोडून रचलेलं विटांचं छत, आणि त्याच्याही वर, बारीक सळयांच्या कैचीवर (तिकोनी सांगाड्यावर) उचलून धरलेला पत्रा. पत्रा थेट डोक्यावर असता तर वर्गाची भट्टी झाली असती. उचलल्यामुळे तो छत्री झाला: खालची तापलेली हवा मधल्या मोकळ्या जागेतून वाहून जाते आणि पत्र्याचं पुढे आलेलं टोक मातीच्या भिंतीला पावसापासून वाचवतं. शीटवर प्राणी नाही, पान नाही. मला विचाराल तर या तिघांत निसर्गाला सगळ्यात नीट ओळखणारी इमारत हीच.

अडचणी आहेतच. "यात नवीन काय?" हा प्रश्न ज्युरीत येणार. शिवाय माती म्हणजे एकच वस्तू नव्हे. काचेच्या बरणीत साइटवरची माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळपणा धरून राहते. थरांची जाडी पट्टीने मोजली की वीट कितपत तडकेल याचा पहिला अंदाज येतो. माझ्या बरणीत चिकणमाती एवढी निघाली की नमुन्याची वीट दोन दिवसांत भेगाळली. रेती मिसळून पुन्हा केली, ती बरी आली.

आता निवड. हातात वेळ कमी आणि विषय स्मारकाचा किंवा प्रदर्शनाचा असेल तर रूप घ्या, पण त्याला निदान एक काम द्या: सावली, पागोळी, वारा, काहीतरी. आकडेमोडीची आवड असेल आणि तपासून देणारे सर किंवा मॅडम असतील तर रीत घ्या. घर, शाळा, दवाखाना, म्हणजे जिथे माणसं दिवसभर बसणार आहेत, तिथे मी डोळे मिटून तिसरा रस्ता म्हणेन. तिन्हींची परीक्षा मात्र सेक्शनवर. एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, गोड बोलतं. हवा कुठून शिरते आणि कुठून निघते हे सेक्शनलाच सांगावं लागतं.

मी थिसिसला तिसरा रस्ता घेतला आणि दुसऱ्यातून फक्त रात्रीच्या गारव्याचं तत्त्व उचललं. परवा सेक्शनच्या मॉडेलला समोरून पारदर्शक शीट लावली आणि खालच्या झरोक्याशी उदबत्ती धरली. धूर वर्गातून सरळ वर गेला, छताच्या फटीतून बाहेरही पडला. जिन्यापाशी मात्र तो गोल फिरून परत खाली येतो. जिन्याच्या माथ्यावर झरोका कापून पाहिला, धूर अजून तिथेच घुटमळतोय. आज झरोका दुप्पट करून बघणार आहे.