मोशन सिम्युलेटरचं 'स्वस्त किट' मागवण्याआधी हे वाचा

रेसिंग गेमसाठी हलणारी खुर्ची घरीच करायची म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'रेडी किट' घेतलं. दोन लिनियर अ‍ॅक्च्युएटर (मोटरने सरळ आत-बाहेर सरकणारे दांडे), आर्डुइनो (कोड टाकता येणारा छोटा कंट्रोलर), ड्रायव्हर बोर्ड (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा), पॉवर सप्लाय. 'साइटवरून नको, थेट पैसे पाठवा, सूट देतो,' असं तो म्हणाला. पैसे पोचेपर्यंत प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर यायचं. खोकं हातात पडल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

अ‍ॅक्च्युएटरमधून दोनच वायर बाहेर येत होत्या. मोटरला दोन वायर लागतातच, पण खुर्ची किती कलली हे आर्डुइनोला कळायला पोटेन्शिओमीटरच्या (जागा मोजणारा सेन्सर, म्हणजेच 'पॉट') आणखी तीन हव्यात. त्या नसतील तर कोड कितीही चांगला असो, खुर्ची नेमक्या जागी थांबणारच नाही. लेबलवर वेग लिहिला होता सेकंदाला 10 मिलिमीटर. म्हणजे 100 मिलिमीटर सरकायला 10 सेकंद, तोवर गाडी वळण घेऊन पुढे गेलेली असते! ड्युटी सायकल 10 टक्के, म्हणजे 2 मिनिटं चालवलं की 18 मिनिटं विश्रांती. हा माल आरामखुर्च्या आणि पलंग उचलायचा. त्या कामाला तो उत्तम आहे, पण सिम्युलेटर म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. विक्रेत्याचा व्हिडिओ थांबवून नीट पाहिला, तर खुर्चीखाली हे अ‍ॅक्च्युएटर नव्हतेच, चक्क गाडीच्या वायपर मोटरच्या क्रँक (फिरणारे दांडे) दिसल्या.

ड्रायव्हर बोर्डवरच्या '43 अँपिअर' या आकड्यालाही भुलू नका. ती बोर्डवरच्या बीटीएस7960 चिपची करंट-मर्यादा आहे. उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या इवल्याशा हीटसिंकवर एवढा करंट सतत चालत नाही.

कमी खर्चात सुरुवात करायचीच तर खुर्चीखाली बास शेकर (आवाजाऐवजी थरथर देणारा स्पीकरसारखा भाग), एक साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि गेममधली माहिती त्याच्यापर्यंत पोचवणारं सिमहब हे सॉफ्टवेअर एवढं पुरे. इंजिनाची थरथर, रस्त्याचे खड्डे अंगाला जाणवतात आणि वेल्डिंगही करावं लागत नाही. पुढे जायचं तर जुन्या 12 व्होल्टच्या वायपर मोटर, 10 किलोओहमचे पॉट, आर्डुइनो उनोवर मोटर सांभाळणारा एसएमसी3 कोड आणि गेममधली हालचाल त्याला कळवणारं सिमटूल्स हे सॉफ्टवेअर. सुटे भाग घेतले की प्रत्येक वस्तू वेगळी तपासता येते.

कुणाकडून किट घेणारच असाल, तर वेग, ड्युटी सायकल आणि फीडबॅक (जागा कळवणारा पॉट आहे का) लेखी मागा, लेबल दिसेल असा चालू व्हिडिओ मागा आणि पैसे साइटवरूनच द्या. मला आलेल्या किटमध्ये इमर्जन्सी स्टॉपचं बटणही नव्हतं. ते मोटरच्या पॉवर लाइनवर आधी बसवा, आणि पहिली चाचणी रिकाम्या खुर्चीवरच घ्या.