लेझरच्या उजेडातली चांदी

आमच्या अण्णांची शुगर जुनी. चप्पल चावून पायाच्या करंगळीला फोड आला, फुटला, चिघळला. पाय बधिर, त्यामुळे दुखत नव्हतंच. दवाखान्यात ड्रेसिंग चालू होतं, तेवढ्यात गल्लीत मोफत शुगर तपासणीचं शिबिर लागलं.

तिथल्या माणसाने हॉलमधले दिवे घालवून 'चांदीच्या पाण्या'च्या बाटलीत लेझर सोडला. पाण्यात लाल रेघ उमटली. "हे बघा, चांदीचे कण!" १०० मिलीचे १,८५० रुपये, कोर्स तीन बाटल्यांचा. मी बीएस्सी झालेला, तरी पैसे काढून दिले. बिलही मागितलं नाही. पुढे घरी पाण्यात दुधाचा थेंब टाकून लेझर मारला, तर तश्शीच रेघ.

आधी मीठपाण्याने धुवा, मग फवारा मारा, दवाखान्याचं ड्रेसिंग बंद. वर दोन चमचे रोज प्या. (अण्णांना चव आवडली नाही, हे नशीब. चांदी पोटात जात राहिली तर कातडी कायमची निळसर-राखाडी होते.) आणि म्हणे, "जखम काळी पडली की समजा, गुण येतोय." इथेच आम्ही फसलो. चांदीचे डाग काळसर पडतात हे खरं आहे, म्हणून ते खोटं पचलं. नवव्या दिवशी करंगळी काळी झाली तेव्हा आईला आनंदच झाला होता. वासावरून ओळखलं ते शेजारच्या सिस्टरांनी. गँगरीन. करंगळी काढावी लागली.

ऑपरेशननंतर सर्जननी लावलं तेही चांदीचंच ड्रेसिंग! मी चिडून विचारलं. म्हणाले, चांदी मारते ते जखमेच्या वरवरचे जंतू. मेलेलं मांस आधी कापूनच काढावं लागतं, आत पसरलेल्या संसर्गाला अँटिबायोटिक लागतं, आणि शुगर चढलेली, पायावर भार तसाच, तर चांदी काय करणार? ते ड्रेसिंग सिस्टरांनी सलाइनने नाही, निर्जंतुक साध्या पाण्याने भिजवलं, कारण मिठातलं क्लोराइड चांदीला बांधून टाकतं. आणि आम्ही रोज मीठपाण्याने धूत होतो.

बाटलीवर औषध परवान्याचा नंबर नाही, बॅच नाही, चांदी किती तेही नाही. तळाला बारीक अक्षरांत 'फक्त बाह्य स्वच्छतेसाठी'. हे मी आता वाचलं.

त्या माणसाला फोन केला. "कोर्स अर्धवट सोडलात ना, साहेब." तिसरी बाटली सीलबंद आहे, परत घेता का, विचारलं. "पुढच्या शिबिरात आणा."

कुठे आहे, विचारेपर्यंत फोन कट.