इन्स्टॉलेशनच्या नोंदी: मार्कडाऊन की एक्सएमएल?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी भाची ऑफिसच्या वेब सर्व्हरची इन्स्टॉलेशन-पुस्तिका लिहिते आहे. लिहिणारे चौघे, आणि प्रश्न एकच: मार्कडाऊन (साध्या मजकुरातच छोट्या खुणा देऊन लिहायची पद्धत) घ्यावं की एक्सएमएल (प्रत्येक भागाला टॅग, म्हणजे नावाची खूण, लावून लिहायची पद्धत)?

शिकायला मार्कडाऊन सोपं, अर्ध्या तासात हात बसतो. एक्सएमएलला काही दिवस द्यावे लागतात. खर्च दोन्हीकडे शून्य.

खरा फरक एकसारखेपणात आहे. मार्कडाऊनमध्ये यादीची खूण तीन तऱ्हांनी देता येते, शीर्षक दोन तऱ्हांनी. फाइलचं नाव, कमांड, कॉन्फिगरेशनमधली सूचना, सगळ्यांना तीच बॅकटिकची (`) खूण. पायऱ्यांच्या मधला कोड आत सरकवायचा राहिला की यादी तुटते, आणि तिसरी पायरी पुन्हा १ क्रमांकाने छापली जाऊ शकते. रात्री सर्व्हर बसवणाऱ्याचा इथेच गोंधळ उडतो, म्हणून मला हा दोष मोठा वाटतो. मार्कडाऊनलिंटसारखं तपासणीसाधन खुणांची शिस्त लावतं, पण शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही.

अपाची वेब सर्व्हरची कागदपत्रं एक्सएमएलमध्येच लिहिली जातात. तिथे ‘डायरेक्टिव्ह’ला (कॉन्फिगरेशनमधल्या सूचनेला) वेगळा टॅग, ‘मॉड्यूल’ला (सर्व्हरच्या जोडभागाला) वेगळा. टॅग चुकला तर तपासणीतच पकडला जातो, आणि सगळ्या सूचनांचं रूप एका जागी बदलता येतं.

लिहिणारे तीनचार, वीसेक पानं, एकच भाषा असेल तर मार्कडाऊन आणि सोबत एक पानी नियमावली. लिहिणारे बदलत राहणार, गुजराती-मराठी भाषांतरं होणार, तर एक्सएमएल. भाचीला मी मार्कडाऊनच सुचवलं, पण तपासणीसाधन पहिल्या दिवसापासून लावायला सांगून.