निकॉन ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स लेन्स: गणपतीपासून घरात वापरतोय, सविस्तर अनुभव

कॅमेरा डी५६००, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स, ठाण्यातला टू बीएचके आणि फोटो बहुतेक संध्याकाळनंतरचे, म्हणजे ट्यूबलाइटखालचे. दिवसा बाहेर ती किट लेन्स उत्तम चालते, पण घरात ३५ ला झूम केलं की ती एफ/४.५ च्या आसपासच उघडते (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त) आणि शटर सेकंदाच्या १/३० वर येऊन बसतो. व्हीआर, म्हणजे लेन्समधली हलणं सावरणारी सोय, आपला हात हललेला सावरते, पण पोरं पळाली किंवा आमच्या काळू कुत्र्याने मान झटकली तर व्हीआर काय करणार, तिथे शटरच फास्ट हवा. एफ/१.८ ला साधारण सहापट उजेड आत येतो, म्हणजे त्याच आयएसओला (कॅमेऱ्याच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेला) १/३० च्या जागी १/१६० सहज मिळतो. लेन्स घेण्याचं खरं कारण हे, मागचं ब्लर होणं वगैरे नंतर.

आता ५० का नाही, कारण सगळे तीच सुचवतात. तर डी५६०० सारख्या छोट्या, म्हणजे क्रॉप सेन्सरवर अडीच मीटरवरून ५० मधे जेमतेम सव्वा मीटर रुंदी बसते, ३५ मधे पावणेदोन मीटर. आमच्या हॉलमधे अडीच मीटर मागे गेलं की पाठ शोकेसला लागते, त्यामुळे ५० ने सोफ्यावरचे दोघं येतात आणि तिसरा अर्धा कापला जातो, ३५ ने तिघं व्यवस्थित. एकट्या माणसाचे पोर्ट्रेट काढायचे असतील तर ५० छान आहे, पण घरातल्या कार्यक्रमाला माझं मत ठाम ३५.

गौरींच्या आरतीला आई ओवाळत होती तेव्हा ट्यूबलाइट बंद केली, एफ/१.८, १/१२५, आयएसओ ३२००. निरांजनाचा तो पिवळा उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर आलेला, नथीचे मोती चमकतायत, आणि मागे मखर नुसतं धूसर सोनेरी. फ्लॅश मारला असता तर यातलं काहीच उरलं नसतं. ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आहे थोडा, पण प्रिंट काढली तर दिसतही नाही.

काळूचं मात्र शिकावं लागतं. एक तर काळा कुत्रा, काळ्या केसांवर फोकस पकडतच नाही, आणि या बॉडीत प्राण्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस नाही. मी लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढणं) वापरतच नाही, व्ह्यूफाइंडरमधून एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड), मधला एकच पॉइंट आणि तो डोळ्यातल्या चमकीवर. त्याला खिडकीकडे किंवा दिव्याकडे तोंड करून बसवलं की डोळ्यात ती चमक येते. एक मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर पट्टा शार्प असतो, डोळा आला की नाक गेलंच, म्हणून त्याच्यासाठी एफ/२.८ ठेवतो. आणि जमिनीवर पालथं पडून त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या, उभ्याने काढलेल्यात नुसती पाठ आणि लाद्या येतात. तो खेळत असेल तर १/५०० शिवाय भागत नाही, आणि रात्री तेवढा उजेड घरात नसतो, तेव्हा तो दमून बसेपर्यंत थांबायचं.

उणिवा म्हणजे दिव्यांच्या माळांच्या कडेला एफ/१.८ ला जांभळी किनार येते, एफ/२.८ ला बरीच कमी होते. फोकस फार वेगवान नाही. व्हीआर नाही, पण वर म्हटलं तसं माणसांच्या फोटोत त्याची कमी जाणवली नाही. वजन २०० ग्रॅम, गळ्यात दिवसभर कॅमेरा असला तरी मान अवघडत नाही.

स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर तो लेन्सचा दोष नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, तसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तिथे शटर १/१०० किंवा १/५० ठेवा.

पंधरा-वीस जणांचा ग्रुप फोटो या लेन्सने घरात होणार नाही, त्याला किट लेन्स १८ वर लावून, कॅमेऱ्याचा स्वतःचा पॉप-अप फ्लॅश नाही, वेगळा फ्लॅश छताकडे वळवून काढतो. फ्लॅश आणि लेन्स बदलणं दोन्ही नको असेल तर १७-५० एफ/२.८ बघा, सिग्माची आहे, पण ती अर्ध्या किलोच्या वर जाते आणि उजेड ३५ पेक्षा निम्म्याहून कमी.

सेकंडहँड घेणार असाल तर नावात एएफ-एस आहे ना बघा, म्हणजे फोकसची मोटर लेन्समधेच असते. जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात मिळते, पण डी३००० आणि डी५००० सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यावर ती हातानेच फोकस करावी लागते, आणि कुत्र्यामांजरांच्या मागे ते जमत नाही.