कारखान्यात सेन्सर लावायचेत, वायफाय घ्यायचं की लोरा?

आमचं युनिट रबाळे एमआयडीसीत, आणि पावसाळ्यापासून एकच वाद चालू होता, कंप्रेसर, पंप आणि पाण्याच्या टाक्यांना सेन्सर लावायचे ते वायफायवर की लोरावर (म्हणजे थोडा डेटा कमी बॅटरीत लांबपर्यंत पाठवणारं रेडिओ तंत्रज्ञान). वायफाय आधीच होतं म्हणून सगळ्यांना तेच सोपं वाटलं, पण खरं सांगते, पत्र्याची शेड, लोखंडी रॅक, यात सिग्नल पार मरतो. अंडरग्राउंड टाकीवर झाकण ठेवलं की रीडिंग गायब, उचललं की लगेच परत! शिवाय बॅटरीवर वायफाय सेन्सर फार टिकत नाही, आणि आयटीवाले म्हणतात ऑफिसच्या नेटवर्कवर असली डिव्हाइस नकोत, ते बरोबरच आहे, डीफॉल्ट पासवर्डवाल्या कॅमेऱ्या-राउटरमधूनच २०१६ मध्ये मिराई बॉटनेट, म्हणजे हॅक झालेल्या डिव्हाइसचं जाळं, पसरलं होतं.

लोराला आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये लायसन्स लागत नाही, फ्रिक्वेन्सी कमी म्हणून भिंतींतूनही बऱ्यापैकी पोचतं, बॅटरी काही वर्षं चालते. पण गेटवे, म्हणजे सेन्सरचे सिग्नल घेऊन नेटवर्कवर पाठवणारा डबा, वेगळा घ्यावा लागतो आणि डेटा अगदी थोडाथोडा जातो, म्हणजे टाकीची लेव्हल, तापमान ठीक, कंप्रेसरच्या व्हायब्रेशनचा कच्चा डेटा म्हणजे सेकंदाला हजारो सॅम्पल, ते त्यावर जमणारच नाही.

मग टाक्यांना लोरा आणि कंप्रेसरला वेगळ्या व्हीलॅनवर (ऑफिसच्या नेटवर्कपासून अलग ठेवलेला भाग) वायफाय असं केलं. अलर्ट आला की रात्रपाळीत नेमकं कोण जाऊन बघणार हे मात्र अजून ठरलेलं नाही, माझ्या मते सेन्सर मागवायच्या आधीच ते ठरवायला हवं होतं.