बुडेल्लीच्या गुलाबी वाळूवर उतरवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

इटलीच्या सार्डिनिया बेटाला जाणाऱ्यांनो, विशेषतः युरोपात नोकरीला असून आई-वडिलांना फिरायला नेणाऱ्यांनो, बोटीचं तिकीट काढायच्या आधी हे वाचा. बुडेल्ली बेटावरच्या गुलाबी किनाऱ्यावर, म्हणजे स्पियाज्जा रोझावर, पर्यटकांना उतरता येत नाही. कितीही पैसे मोजले तरी नाही. आम्हाला मात्र ‘उतरवतो’ असं सांगूनच तिकिटं विकली गेली.

सार्डिनियातल्या पालाऊच्या बंदरातून ला माद्दालेना बेटाची फेरीबोट सुटते, तिथे सहलीच्या बोटींची तिकिटं मिळतात. काउंटरांपासून जरा लांब एक माणूस घडीचा फलक मांडून उभा होता. फलकावर गुलाबी वाळूत अनवाणी चालणाऱ्या बाईचा फोटो. दर इतरांपेक्षा माणशी ३० युरोंनी जास्त, कारण काय तर फक्त त्यांचीच बोट किनाऱ्याला लागते. मी बंदीचं विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं: बेटाचा राखणदार २०२१ मध्ये बेट सोडून गेला, तेव्हापासून मोजक्या बोटींना परवानगी मिळते.

यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून बाकीचीही खरी वाटते. मौरो मोरांदी नावाचे गृहस्थ १९८९ पासून त्या निर्मनुष्य बेटावर एकटे राहत होते, आणि २०२१ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. पण किनारा त्यांच्यामुळे बंद नव्हता. बुडेल्ली ज्यात येतं, त्या ला माद्दालेना द्वीपसमूहाचं १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. किनाऱ्यावरची बंदीही त्याच दशकातली, आणि ती अजून उठलेली नाही.

आईचे गुडघे दुखतात. तिला बोटीतून उतरता येईल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “मम्मा, मी स्वतः हात धरून उतरवीन.” तिला किती बरं वाटलं ते मी पाहिलंय, त्यामुळे त्या वाक्याचा राग अजून जात नाही. पैसे रोख घेतले. पावती मागितली तर हाती चिठोरं आलं: सुटायची वेळ आणि माणसं किती, एवढंच. कंपनीचं नाव नाही, बोटीचंही नाही.

जवळच्या स्पार्जी बेटावरचा काला कोर्सारा हा किनारा सुंदरच आहे, तिथे आम्ही उतरलो, पाण्यात गेलो. बुडेल्लीला मात्र बोट बॉयांच्या, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या रांगेबाहेर थांबली आणि कप्तानाने स्पीकरवरून सांगितलं, इथूनच फोटो काढा. गुलाबी म्हणावी अशी एक पुसट कड दिसली. बाबांनी चिठोरं दाखवलं, तर कप्तान म्हणाला, तो माणूस आमचा नाही, आम्ही फक्त जागा देतो. वर उद्यानाचं शुल्क म्हणून पुन्हा रोख पैसे मागितले. परतलो तेव्हा फलक आणि माणूस दोन्ही गायब.

याहून वाईट गोष्ट परतीच्या वाटेवर घडली. बोटीवरचा एक पोरगा गुलाबी वाळूच्या कुप्या विकत होता. आईला ती गणपतीच्या आरासीत ठेवायची होती. मी घेऊ दिली नाही. सार्डिनियात वाळू, शिंपले, खडे नेणं गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्यानुसार ५०० ते ३,००० युरो दंड होतो, आणि विमानतळावर सामानात वाळू सापडल्याची उदाहरणं बरीच आहेत. कुपी विकणारा बंदरातच राहतो, पकडले जातो आपण.

ती वाळू गुलाबी होते मिनिआचिना नावाच्या सूक्ष्म जीवाच्या तांबड्या कवचांमुळे. तो समुद्रातल्या पोसिडोनिया गवताच्या आसऱ्याने वाढतो, मेल्यावर कवचाचा चुरा लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. नांगरांनी गवत उखडलं, लोकांनी वाळू पिशव्या भरभरून नेली, म्हणून किनारा बंद करावा लागला. त्या बंदीच्याच नावाने कोणी जास्त पैसे उकळतो, हे मला सहन होत नाही.

ही बेटं पाहायला जरूर जा. स्पार्जी आणि पोर्तो देल्ला मादोन्नाचं निळं-हिरवं पाणी दाखवणाऱ्या चांगल्या बोटी आहेत. मिस्त्राल नावाचा जोरदार वारा सुटला म्हणून कोणी फेरी रद्द केली, तर ती फसवणूक समजू नका. सार्डिनिया आणि कोर्सिका यांच्यामधल्या बोनिफाचोच्या सामुद्रधुनीत तो वारा खरंच धोक्याचा असतो. पण पैसे देण्याआधी बोटीचं नाव, उतरायच्या जागा आणि सगळं धरून एकूण रक्कम लिहून घ्या. ‘रिचेवुता’ म्हणजे रीतसर पावती मागा, ती देणं इटलीत बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर ग्वार्दिया दी फिनान्झाचा, म्हणजे इटलीच्या आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिसांचा, क्रमांक ११७ आहे. आणि स्पियाज्जा रोझावर उतरवणार का, हे मुद्दाम विचारा. ‘हो’ म्हणाला, तर पुढच्या काउंटरवर जा.